धाडस कुणाचं, चीड कुणाची? इंग्रजीतल्या काही शब्दांविषयी



आजच्या व्याख्यानाचा विषय 'धाडस, कडवटपणा आणि चीड यांचे इंग्रजी शब्द' असा जाहीर झाला आहे. तो वाचून काहींना वाटलं असेल की हा इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्याचा वर्ग आहे. तसं नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. शब्दसंग्रह वाढवणारी पुस्तकं बाजारात पुष्कळ आहेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या टेबलावर त्यातलं एखादं असतं. माझी तक्रार त्या पुस्तकांच्या एका सवयीबद्दल आहे. त्यात ऑडॅसिटी, टिमेरिटी, इफ्रंटरी, इम्प्युडन्स, इन्सोलन्स, नर्व्ह, चीक, गॉल असे आठ-दहा शब्द एका खाली एक दिलेले असतात आणि सगळ्यांपुढे मराठीत 'धाडस, धिटाई, उद्धटपणा' असं लिहिलेलं असतं. मुलगा ते पाठ करतो, परीक्षेत गोल काळा करतो आणि मोकळा होतो.

यात बिघडलं काय, असं तुम्ही विचाराल. बिघडलं ते असं. धाडस हा धाडस करणाऱ्याचा गुण आहे, पण उद्धटपणा हा धाडस पाहणाऱ्याचा निवाडा आहे. या दोन गोष्टी एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन लिहिल्या की तो निवाडा कुणी दिला हा प्रश्नच पुसला जातो. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे : या शब्दांपैकी बहुतेकांमध्ये कुणाची तरी एक अपेक्षा लपलेली असते आणि ती मोडलेली असते. शब्द वाचताना ती अपेक्षा कुणाची होती हे शोधलं नाही, तर आपण अर्थ पाठ करतो आणि बोलणाऱ्याची बाजू नकळत घेऊन बसतो.

हे नीट कळायला एकच शब्द पुरेसा आहे, म्हणून त्याच्यापासून सुरू करू. शब्द आहे 'गॉल'. छोटासा, चार अक्षरी स्पेलिंगचा. गंमत अशी की आजच्या विषयातले तिन्ही अर्थ या एका शब्दात आहेत. गॉल म्हणजे पित्त, आणि त्यावरून कडवटपणा. गॉल म्हणजे घासून पडलेली जखम, आणि त्यावरून चीड आणणं, मनाला लागणं. आणि गॉल म्हणजे निर्लज्ज धाडस. हे तिन्ही अर्थ एका शब्दाच्या पोटात कसे आले, ते पाहू.

आधी पित्त. हा शब्द जुन्या इंग्रजीपासूनचा आहे. भाषेचे अभ्यासक तो ज्या मूळ धातूशी जोडतात, त्याच धातूपासून इंग्रजीतले 'यलो' आणि 'गोल्ड' आले. म्हणजे पिवळेपणा हा मुळातला अर्थ. ग्रीकमधला पित्ताचा शब्द 'खोले' हाही त्याच कुळातला, आणि संस्कृतमधला 'हरि', म्हणजे पिवळसर-हिरवा, हाही तिथलाच मानतात. या 'हरि'वरून हरिद्रा आणि हरिद्रेवरून आपली हळद. तेव्हा इंग्रजांचं गॉल आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद ही लांबची नातेवाईक आहेत.

युरोपातलं जुनं वैद्यक शरीरात चार रस मानायचं : रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. पिवळं पित्त वाढलं की माणूस तापट होतो, त्याला 'कॉलरिक' म्हणायचे. काळं पित्त वाढलं की उदास होतो, त्याला 'मेलँकलिक'. दोन्ही शब्दांत ते ग्रीक 'खोले' बसलेलं आहे. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आयुर्वेदात वात, पित्त, कफ आहेत आणि मराठीत आपण अजूनही 'त्याचं पित्त खवळलं' असंच म्हणतो. तेव्हा आपण पोटाबद्दल बोलत नसतो.

आता शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' घ्या. नाटक १६०० च्या आसपासचं. बापाचा खून झालाय, खुनी काका गादीवर बसलाय, आणि हॅम्लेट अजून काहीच करू शकलेला नाही. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तो स्वतःला शिव्या घालतो. त्यातला एक आशय असा की माझं काळीज कबुतराचं असावं, माझ्यात पित्तच नाही, म्हणून हा जुलूम मला कडू लागत नाही. कबुतराला खरंच पित्ताशय नसतं. त्या काळी यावरून समज असा होता की कबुतर गरीब असतं, त्याला राग येत नाही.

इथे थोडं थांबू या. इथे गॉल असणं ही चांगली गोष्ट आहे. गॉल म्हणजे अन्याय कडू लागण्याची क्षमता, आणि ती नसेल तर माणूस भित्रा. म्हणजे कडवटपणा आणि धाडस इथे एकत्र आलेत, पण ते ज्याच्यावर अन्याय झालाय त्याच्या बाजूने. आपल्याकडे जवळचा शब्द आहे 'जिगर'. मूळ फारसी, अर्थ यकृत. पित्त जिथे तयार होतं तेच ते यकृत. 'जिगरबाज खेळाडू' म्हणताना आपण त्याच्या यकृताचंच कौतुक करतो. म्हणजे फारसीतून आलेलं यकृत मराठीत शौर्य झालं, आणि इंग्रजीतलं पित्त पुढे निर्लज्जपणा झालं. हे कसं झालं, हा खरा प्रश्न आहे.

जाता जाता एक सांगतो. 'हॅम्लेट'चं मराठी भाषांतर गोपाळ गणेश आगरकरांनी केलं, ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याला त्यांनी नाव दिलं 'विकारविलसित'. विकार म्हणजे मनातला क्षोभ, आणि विकार म्हणजे रोगही. मन आणि शरीर यांची हीच सरमिसळ गॉलमध्ये आहे. शीर्षकाच्या पातळीवर तरी आगरकरांनी ती अचूक पकडली होती, असं मला वाटतं.

आता दुसरा अर्थ, जखमेचा. घोड्याच्या पाठीवर खोगीर घासून जी जखम होते ती गॉल. हाही अर्थ जुन्या इंग्रजीइतका जुना आहे. काही अभ्यासक तो पित्ताच्या गॉलशी जोडतात. काही म्हणतात की तो लॅटिनमधल्या 'गल्ला' या शब्दावरून आला. गल्ला म्हणजे झाडावर किड्यामुळे येणारी गाठ. ओकच्या झाडावरची ही गाठ आपल्या घरातही येते, बाळगुटीत उगाळतात ते मायफळ म्हणजे तीच. उगम कुठलाही असो, इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानाला हे एकच ध्वनी असलेले शब्द आहेत आणि त्यांचे अर्थ एकमेकांत मुरलेत.

शेतकरी घरातल्यांना ही जखम वेगळी समजावून सांगायला नको. बैलाच्या मानेवर जू घासून सूज येते, तिला आपण खांदेसूज म्हणतो. पशुवैद्यकाच्या इंग्रजीत तिचं नाव 'योक गॉल'. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते, बैलाच्या खांद्याला तेल-तूप आणि हळद लावून चोळतात. वर्षभर जे घासलं, त्याच्यावर एक दिवस हळद.

या जखमेवरून चिडीचा अर्थ आला. 'इट गॉल्स मी' म्हणजे ही गोष्ट मला घासते, सलते, पुन्हा पुन्हा त्याच जागी लागते. मराठीत यासाठी किती सुंदर क्रियापदं आहेत पहा : सलणं, बोचणं, खुपणं, झोंबणं. मिरची झोंबते तसं बोलणं झोंबतं. आणि 'डोळ्यात खुपणं' तर फारच नेमका आहे. शेजाऱ्याचं नवं घर माझ्या डोळ्यात खुपतं. घराने काही केलेलं नाही, दुखणं डोळ्याचं आहे. मराठीने इथे प्रामाणिकपणे डोळ्याचं नाव घेतलंय.

पुन्हा 'हॅम्लेट'कडे येतो. पाचव्या अंकात स्मशानातला प्रवेश आहे. खड्डा खणणारा एक साधा माणूस राजपुत्राला शब्दात पकडतो, उत्तराला प्रत्युत्तर देतो. हॅम्लेट मित्राकडे वळून म्हणतो, त्याचा आशय असा की काळ असा आलाय की शेतकऱ्याचा पाय दरबाऱ्याच्या टाचेच्या इतका जवळ येतो की टाचेवरचं दुखणं घासलं जातं. 'घासणं' या अर्थाने तिथे शब्द वापरलाय गॉल.

एकाच नाटकातल्या या दोन जागा शेजारी ठेवा. दुसऱ्या अंकात गॉल म्हणजे अन्याय सहन न करण्याची ताकद. पाचव्या अंकात गॉल म्हणजे खालचा माणूस जवळ आल्यामुळे वरच्याला होणारा त्रास. हॅम्लेट स्वतः राजपुत्र आहे. त्याच्यावर अन्याय होतो तेव्हा त्याला पित्त हवं असतं. खड्डा खणणारा तोंड वर करून बोलतो तेव्हा त्याच राजपुत्राला टाच दुखल्यासारखं होतं. हा हॅम्लेटचा दोष म्हणून मी सांगत नाही, त्याला तो खणणारा आवडलेलाही आहे. पण शब्दाचा कल कुठे झुकतो ते इथे दिसतं. आपल्याकडे याला 'पायरी सोडणं' म्हणतात. 'पायरी ओळखून राहा' हे वाक्य कोण कुणाला म्हणतं, हे या सभागृहात सांगायची गरज नाही.

आता तिसरा अर्थ. निर्लज्ज धाडस या अर्थाने गॉल वापरात आला अमेरिकेत, १८८० च्या दशकात. 'ही हॅड द गॉल टू' अशी ती रचना आहे. अमुक करण्याची त्याची मजल गेली, असं. याच काळात 'अपिटी' हा दुसरा एक अमेरिकन शब्द छापील स्वरूपात दिसतो, १८८० मध्ये, जोएल चँडलर हॅरिसच्या 'अंकल रीमस'च्या पुस्तकात. या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण अपिटीचं पुढे काय झालं ते लक्षात घेण्यासारखं आहे. आपली जागा सोडून वर चढू पाहणाऱ्या कृष्णवर्णीय माणसासाठी गोऱ्यांनी तो इतका वापरला की आज अमेरिकेत कुणी तो जाहीरपणे कृष्णवर्णीय व्यक्तीबद्दल उच्चारला तर वाद होतो, आणि योग्यच होतो. त्या शब्दात समोरच्याने काय केलं याची माहिती शून्य असते. माहिती असते ती बोलणाऱ्याच्या मनातल्या जिन्याची. मराठीतलं 'माजलेत' हे क्रियापद गावागावांत कुणाबद्दल वापरलं गेलं आणि वापरलं जातं, ते आठवा.

गॉल इतका बदनाम नाही, कारण तो कुणाबद्दलही वापरता येतो. म्हणून तो वाचताना जास्त सावध राहावं लागतं. एक साधी युक्ती सांगतो. 'हॅड द गॉल टू' यानंतर जी क्रिया येते, ती वेगळी काढून पहायची. समजा वाक्य आहे : कामवाल्या बाईची दोन महिन्यांची मजुरी थकवायची मजल मालकाची गेली. क्रिया कोणती? मजुरी थकवणं. ती वाईट आहे, शब्द शोभतो. आता दुसरं वाक्य : थकलेली मजुरी मागायची त्या बाईची मजल गेली. क्रिया कोणती? स्वतःची मजुरी मागणं. क्रियेत काहीच वाईट नाही. वाईटपणा सगळा त्या 'मजल गेली'मधून आला. दोन्ही वाक्यांत इंग्रजीत गॉल चालेल, व्याकरण दोन्हीकडे शुद्ध आहे. पण दुसऱ्या वाक्यात तो शब्द त्या बाईबद्दल काहीच सांगत नाही. तो बोलणाऱ्याची चीड सांगतो आणि ती चीड बाईचा अवगुण म्हणून तिच्या नावावर लावतो.

ही युक्ती घेऊन यादीतले बाकीचे शब्द उघडू. 'इम्प्युडन्स' : लॅटिनमध्ये लाज नसणं. अपेक्षा काय, तर तू लाजायला हवं होतंस. 'इफ्रंटरी' : लॅटिनमधल्या कपाळाच्या शब्दावरून, ज्याच्या कपाळावर लाज उमटत नाही तो. पुन्हा तीच अपेक्षा. 'इन्सोलन्स' : मुळात रीतीबाहेरचं, सवयीचं नसलेलं. अपेक्षा अशी की रीत पाळ, आणि रीत ठरवली कुणी ते विचारू नकोस. 'टिमेरिटी' मात्र वेगळा आहे. तो ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचं मूळ अंधाराशी जोडतात, आपल्या 'तमस'शी. अंधारात उडी मारणं, पुढे काय आहे ते न बघता. इथे दोष अविचाराचा आहे, लाजेचा नाही. वाचणाऱ्याने हा फरक सोडला तर 'अविचारी' आणि 'निर्लज्ज' यांना तो एकच समजेल, आणि एखाद्या माणसाबद्दल हे समजणं फार महागात पडू शकतं.

'चीक' म्हणजे गाल आणि 'नर्व्ह' म्हणजे मज्जातंतू, हे त्या मानाने सौम्य. लहान मुलाच्या आगाऊपणाला आजोबा 'चीकी' म्हणतील ते कौतुकानेच. पण कारकुनाला साहेब 'चीक' म्हणतो तेव्हा कौतुक उरत नाही. शब्द तोच, पायरी बदलली.

आता कडवटपणाचे शब्द. 'बिटर' हा शब्द चावणं या अर्थाच्या 'बाइट'चा भाऊ. जिभेला चावतं ते कडू. त्या कुळाचा आपल्याकडचा नातेवाईक म्हणजे 'भिद्' धातू, ज्यावरून भेद आणि भिन्न आले. 'ॲक्रिमनी'च्या मुळाशी तीक्ष्ण, टोकदार हा अर्थ आहे. आणि 'रँकर' : हा परीक्षेत पहिला येणारा नव्हे, हा वेगळा. त्याचं मूळ तेल-तुपाला वास लागण्यात आहे. मराठीत अगदी हाच प्रवास 'खवट' या शब्दाने केलाय. शेंगदाणे खवट होतात आणि माणूसही खवट होतो. राग ताजा असतो तेव्हा तिखट असतो, फार दिवस झाकून ठेवला की खवट होतो. दोन भाषांना हे स्वतंत्रपणे सुचलं.

चवींवर विसंबून राहू नका, हेही सांगतो. आयुर्वेदात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीत मात्र कटूचा 'कडू' झाला. म्हणजे एकाच प्रदेशात, एकाच परंपरेत मिरचीचा शब्द कारल्याकडे गेला. मग 'बिटर'ला 'कडवट' लिहिलं की काम झालं, असं कसं म्हणता येईल?

पण कडवटपणाच्या शब्दांत खरा भेद चवीचा नाही, हक्काचा आहे. 'इंडिग्नेशन' आणि 'रिझेंटमेंट' हे दोन शब्द घ्या. दोन्ही रागाचे. इंडिग्नेशनच्या मुळाशी 'योग्यता' आहे : मला न शोभणारी वागणूक मिळाली, म्हणून मी संतापलो. त्याला मराठीत आपण सात्त्विक संताप म्हणतो. रिझेंटमेंट म्हणजे पुन्हा पुन्हा जाणवणं, सल. इंग्रजी लेखनात प्रतिष्ठिताच्या रागाला इंडिग्नेशन आणि खालच्याच्या रागाला रिझेंटमेंट म्हटलेलं मला वारंवार दिसतं. अपमान दोघांचाही झालेला असतो. एकाचा राग न्याय ठरतो, दुसऱ्याचा राग स्वभाव ठरतो. कुठल्याही बातमीत हे दोन शब्द दिसले की कुणाला कोणता दिला ते तपासून पहा.

हे सगळं शब्दांचा खेळ वाटू नये म्हणून आता एक खटला सांगतो. १८९७ मध्ये मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. 'केसरी'च्या १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावरून. कलम १२४ अ, जे दंडसंहितेत १८७० मध्ये घातलं गेलं होतं. त्या कलमाचा सगळा भार एका इंग्रजी शब्दावर होता : 'डिसअफेक्शन'. हा आपल्या आजच्या कडवटपणाच्या शब्दांपैकीच एक. त्याचा अर्थ काय? न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं की अफेक्शन म्हणजे प्रेम, तेव्हा डिसअफेक्शन म्हणजे प्रेमाचा अभाव. द्वेष, वैर, नावड, तिरस्कार, सरकारबद्दलची कुठल्याही प्रकारची वाईट भावना त्यात आली.

आता आपली युक्ती इथे लावा. या शब्दात कुणाची अपेक्षा लपली आहे? सरकारची. अपेक्षा काय? प्रजेने आपल्यावर प्रेम करावं. कर भरावा, कायदा पाळावा एवढ्यावर ती थांबत नाही, प्रेम हवं. आणि प्रेम नसणं हा गुन्हा. प्लेगच्या बंदोबस्तात पुण्यात लोकांच्या घरात सैनिक शिरले, त्यातून लोकांच्या मनात जी कटुता आली, ती या शब्दाने लोकांच्या अपराधात जमा केली. खांदा बैलाचा सुजलेला, आणि गुन्हा जुवाशी प्रेमाने न वागल्याचा!

ज्यूरीत नऊ जण होते. सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष. टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, कायदा बदलून या शब्दाची व्याप्ती कलमातच नोंदवली गेली. १९०८ च्या दुसऱ्या खटल्यात टिळकांनी स्वतः आपली बाजू मांडली, जवळजवळ २१ तास. त्यातला मोठा भाग कोर्टापुढे ठेवलेल्या इंग्रजी भाषांतरांवर होता : मराठी लेखातल्या शब्दांना इंग्रजीत जास्त जहाल, वेगळ्या छटेचे शब्द दिले आहेत, ही त्यांची तक्रार होती. शिक्षा झाली सहा वर्षं, मंडालेला. तेव्हा भाषांतरात कुणाच्या बाजूचा शब्द निवडला जातो यावर माणसाची सहा वर्षं जाऊ शकतात. १९२२ मध्ये अहमदाबादला याच कलमाखाली गांधीजी उभे राहिले, तेव्हा प्रेम कायद्याने तयार करता येत नाही, हे त्यांनी कोर्टाला सांगितलं. शब्दाच्या पोटातली अपेक्षा त्यांनी बाहेर काढून टेबलावर ठेवली.

आता दुसरी बाजू. हे शब्द कायम वरच्यांचेच हत्यार असतात, असं मी म्हटलं तर ते खरं होणार नाही. यिडिश भाषेतून इंग्रजीत आलेला 'खुत्स्पा' हा शब्द बघा. त्याचा अर्थ सांगायला लिओ रोस्टेनने १९६८ च्या आपल्या पुस्तकात एक प्रसिद्ध विनोद वापरला आहे : एकाने आईबापाचा खून केला आणि कोर्टाला म्हणाला, मी अनाथ आहे, दया करा. आपल्याकडे 'चोर तो चोर, वर शिरजोर'. इथे हसणारे लोक खालचे आहेत आणि उघडा पडतोय तो शिरजोर. गॉलही असा वापरता येतो, आणि मजुरी थकवणाऱ्या मालकाबद्दल तो वापरलाच पाहिजे. ऑडॅसिटीचं तर काही लोकांनी सोनं केलं. बराक ओबामांनी २००६ च्या आपल्या पुस्तकाच्या नावात आशेला ऑडॅसिटी जोडली. ज्या समाजाला शतकभर 'अपिटी' ऐकावं लागलं, त्याच्यातल्या एका माणसाने धिटाईचा शब्द स्वतःहून अंगावर घेतला. निवाडा देणारा बदलला की शब्दाची चव बदलते, ती अशी.

शेवटचा मुद्दा आपल्या आजच्या बोलण्याचा. हे सगळे शब्द आपण घेतले नाहीत. टिमेरिटी मराठीत कुणी म्हणत नाही. आपण घेतले ते चार : डेरिंग, बोल्ड, ॲटिट्यूड आणि इरिटेट. त्यांची वाटणी कशी झाली पहा. 'पोरात डेरिंग आहे' हे मुलाबद्दल, आणि ते कौतुक. 'बोल्ड' हे बहुतेक वेळा मुलीबद्दल, आणि ते म्हणताना आवाज थोडा खाली येतो. इंग्रजीत बोल्ड म्हणजे धीट. सिनेमाच्या बातम्यांनी मराठीत त्याचा अर्थ कपड्यांपाशी आणून ठेवला. 'ॲटिट्यूड' म्हणजे नुसता दृष्टिकोन, पण 'तिला फार ॲटिट्यूड आहे' याचा अर्थ ती मला अपेक्षित होतं तेवढी वाकली नाही. आणि 'मला इरिटेट होतंय' मात्र आपण स्वतःबद्दल म्हणतो. म्हणजे आपली चीड आपल्याला इंग्रजीत कळते, आणि दुसऱ्याचं धाडस आपण ॲटिट्यूड म्हणून नोंदवतो. आपल्या भाषेतला 'डोळ्यात खुपणं' हा वाक्प्रचार यापेक्षा जास्त प्रामाणिक होता.

भाषांतर करणाऱ्यांना, आणि पोरांना इंग्रजी शिकवणाऱ्यांना माझी एक साधी सूचना आहे. हे शब्द यादीत शिकवू नका, वाक्यात शिकवा. प्रत्येक वाक्यात तीन गोष्टी विचारायला लावा. बोलणारा कोण? कुणाबद्दल बोलतोय? आणि त्या दुसऱ्याने प्रत्यक्षात केलं काय? मग मराठी शब्द आपोआप सापडतात. मालकाने मजुरी थकवली तर 'निर्लज्जपणा'. बाईने मजुरी मागितली आणि मालक चिडला, तर 'त्याच्या लेखी आगाऊपणा'. तो 'त्याच्या लेखी' गाळायचा नाही. भाषांतरात दोन शब्द वाढले तर वाढू देत.

समोरून एक प्रश्न आलाय, तो वाचून दाखवतो : 'मग कुणाला उद्धट म्हणायचंच नाही का?' म्हणायचं की. उद्धट माणसं असतात, आपण सगळ्यांनी पाहिलीत. फक्त म्हणण्याआधी क्रिया वेगळी काढून पहायची. रांग मोडून पुढे घुसला, तो उद्धट. रांग का मोडली म्हणून त्याला विचारणारी बाई उद्धट नव्हे. पण ऐन वेळी गर्दीतून 'काय ॲटिट्यूड आहे बघा' हे बहुधा तिलाच ऐकावं लागतं.

वेळ झालीय, इथेच थांबतो. बाकीचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या, चहाच्या वेळी बोलू.